व्हिक्टोरियात पेशंट ट्रान्सपोर्टचं काम: सर्टिफिकेट थ्रीची पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे आजोबा, रेडिओथेरपी चालू असलेली पेशंट, डिस्चार्ज मिळून एज्ड केअरमध्ये (वृद्धांच्या देखभाल केंद्रात) परत निघालेल्या आजी. यांना स्ट्रेचर किंवा व्हीलचेअर लागते, कधी ऑक्सिजन लागतो, सोबत जाणकार माणूसही लागतो. ट्रिपल झिरोची, म्हणजे ००० या आणीबाणीच्या नंबरवर बोलावलेली अँब्युलन्स मात्र लागत नाही. ऑस्ट्रेलियात ही ने-आण नॉन-इमर्जन्सी पेशंट ट्रान्सपोर्ट या नावाने चालते, आणि व्हिक्टोरियात त्यासाठी २००३ सालचा स्वतंत्र कायदा आहे. सेवा देणाऱ्या कंपनीला राज्याच्या आरोग्य विभागाचं लायसन्स घ्यावं लागतं आणि गाडीत कोण बसणार हेही नियमाने ठरलेलं असतं. त्यामुळे गाडी चांगली चालवता येते, एवढ्यावर हे काम मिळत नाही.

प्रकृतीला किती देखरेख लागते त्यानुसार पेशंटची विभागणी लो, मीडियम आणि हाय अशा तीन गटांत होते. नवीन माणसाची सुरुवात होते ती पेशंट ट्रान्सपोर्ट अटेंडंट म्हणून, आणि त्यासाठीचं शिक्षण म्हणजे सर्टिफिकेट थ्री इन नॉन-इमर्जन्सी पेशंट ट्रान्सपोर्ट. कोर्सचा राष्ट्रीय कोड एचएलटी३११२० आहे. मीडियम गटातल्या पेशंटसोबत जास्त शिकलेला अँब्युलन्स ट्रान्सपोर्ट अटेंडंट असावा लागतो. हाय गटात नर्स, डॉक्टर किंवा पॅरामेडिक (इमर्जन्सी अँब्युलन्समध्ये उपचार करणारा तज्ज्ञ) सोबत येतात.

अनेकांचा एक गैरसमज असतो, तो आधीच दूर करते. हा कोर्स करून पॅरामेडिक होता येत नाही. १ डिसेंबर २०१८ पासून पॅरामेडिक हा नोंदणीकृत व्यवसाय आहे. त्यासाठी पदवी आणि नोंदणी लागते, आणि नोंदणी नसताना ते नाव स्वतःला लावणं गुन्हा ठरतो. एखादा एजंट 'सहा महिन्यांत पॅरामेडिक' म्हणून हा कोर्स विकत असेल, तर तिथूनच परत फिरा.

लसीकरणापासून सुरुवात करा

लोक आधी फी भरतात आणि कागदपत्रांकडे नंतर वळतात. मी म्हणेन, क्रम उलटा ठेवा, कारण सगळ्यात जास्त वेळ लसीकरणाच्या नोंदींना लागतो. गाडीतला माणूस रोज हॉस्पिटलमध्ये आणि एज्ड केअरमध्ये जातो, म्हणून प्लेसमेंटआधीच, म्हणजे कोर्समधल्या प्रत्यक्ष कामाच्या सरावाआधीच, पुरावे मागितले जातात: हिपॅटायटिस बी, गोवर-गालगुंड-रुबेला, डांग्या खोकला, कांजिण्या आणि दरवर्षीचा फ्लू. हिपॅटायटिस बीचे तीन डोस नेहमीच्या वेळापत्रकाने घेतले तर सहा महिने जातात. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्ततपासणी करून अँटीबॉडी पुरेशा आहेत का ते पाहतात. दहा किंवा त्याहून जास्त आकडा आला की काम झालं.

आपल्यातल्या बहुतेकांचं लहानपणीचं लसीचं कार्ड हरवलेलं असतं किंवा गावी कुठेतरी ट्रंकेत पडलेलं असतं. म्हणून अडून बसू नका. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) जाऊन 'हेल्थकेअर प्लेसमेंटसाठी सिरॉलॉजी हवी आहे', म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडींची तपासणी हवी आहे, असं स्पष्ट सांगा. रक्तात प्रतिकारशक्ती दिसली तर तोच पुरावा धरतात, नाही दिसली तर लस घ्यायची.

क्षयरोगाची तपासणीही होऊ शकते, कारण भारतात क्षयरोगाचं प्रमाण जास्त आहे. आपल्याला लहानपणी बीसीजी दिलेली असते आणि तिच्यामुळे मांटू टेस्टमध्ये, म्हणजे क्षयरोगासाठी त्वचेत सुई देऊन होणाऱ्या तपासणीत, हातावर खोटी गाठ उठू शकते. रक्तावर होणाऱ्या इग्रा तपासणीला ही अडचण येत नाही. कोणती तपासणी चालेल ते संस्थेला विचारून घ्या आणि जीपीला बीसीजीबद्दल आवर्जून सांगा.

नाव सगळीकडे सारखं आहे का?

ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय मान्यतेचा कोणताही कोर्स करायचा तर यूएसआय, म्हणजे युनिक स्टुडंट आयडेंटिफायर लागतो. २०१५ पासून तो सक्तीचा आहे. तो नसेल तर कोर्स पूर्ण करूनही सर्टिफिकेट हातात पडत नाही. तो ऑनलाइन आणि मोफत मिळतो. ओळखीसाठी ऑस्ट्रेलियन पासपोर्ट, मेडिकेअर कार्ड, ड्रायव्हर लायसन्स किंवा भारतीय पासपोर्टवरचा ऑस्ट्रेलियन व्हिसा चालतो.

मराठी माणसाची गाडी इथे नावापाशी अडते. पासपोर्टवर 'सुनीता प्रकाश जाधव', मेडिकेअरवर 'सुनीता पी जाधव', बँकेत लग्नानंतरचं आडनाव आणि दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं. ओळखपत्र तपासणारी यंत्रणा अक्षर न् अक्षर जुळवते. त्यामुळे जे ओळखपत्र वापरणार, त्यावर नाव जसं आहे तसंच भरा. मधलं नाव गिव्हन नेममध्ये धरलं असेल तर तिथेच लिहा. पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल, तर 'एकच नाव आहे' हा पर्याय फॉर्ममध्ये आहे, तो निवडा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. ते फक्त मराठीत असेल तर नाटीची (भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या ऑस्ट्रेलियन संस्थेची) मान्यता असलेल्या भाषांतरकाराकडून इंग्रजी प्रत करून घ्या. गावच्या ग्रामपंचायतीतून आलेली हस्तलिखित प्रत असेल तर हे काम आधीच उरकलेलं बरं.

व्हिसा आणि फी

ऑस्ट्रेलियन नागरिक, पर्मनंट रेसिडेंट आणि न्यूझीलंडचे नागरिक यांना व्हिक्टोरियाच्या स्किल्स फर्स्ट योजनेतून सवलतीची जागा मिळू शकते. पुरावा म्हणून हिरवं मेडिकेअर कार्ड चालतं. पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज केल्यावर मिळणारं निळं कार्ड त्यासाठी चालत नाही. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर पूर्ण फी धरून चाला. स्टुडंट व्हिसावर हाच मुख्य कोर्स करायचा असेल तर संस्था आणि कोर्स दोन्ही क्रिकॉस यादीत, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांना शिकवण्याची परवानगी असलेल्यांच्या सरकारी यादीत हवेत. नवरा किंवा बायको स्टुडंट व्हिसावर आणि तुम्ही त्यांच्यासोबत डिपेंडंट म्हणून आला असाल, तर तीन महिन्यांपेक्षा जास्त शिक्षण घेता येत नाही. ही अट पाहिल्याशिवाय डिपॉझिट भरू नका.

व्यावसायिक शिक्षणासाठीचं सरकारी व्हीईटी स्टुडंट लोन डिप्लोमा आणि त्यावरच्या कोर्सना असतं, सर्टिफिकेट थ्रीला नाही. हप्ते पाडून मागा. खासगी संस्थेने १५०० डॉलरपेक्षा जास्त रक्कम आगाऊ घेतली, तर त्या पैशांच्या संरक्षणाची सोय तिच्याकडे असलीच पाहिजे. ती कोणती, हे विचारायला संकोचू नका.

संस्था निवडताना ट्रेनिंग डॉट गव्ह डॉट एयू या सरकारी संकेतस्थळावर कोर्सचा कोड टाका. कोड चालू आहे का आणि ती संस्था हा कोर्स शिकवायला नोंदणीकृत आहे का, हे तिथे दिसतं. त्यानंतर संस्थेला एकच प्रश्न विचारा: प्लेसमेंट कोण लावून देणार? 'तुमची तुम्ही शोधा' असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करा. लायसन्सधारक कंपनीच्या गाडीत बसल्याशिवाय हे काम शिकता येत नाही, आणि नवख्या माणसाला ती जागा स्वतःहून मिळवणं फार जड जातं.

प्रवेशाआधी इंग्रजी वाचन-लेखन आणि साध्या हिशेबाची चाचणी होते. घाबरण्यासारखं काही नसतं. पण ऑक्सिजन सिलिंडर किती वेळ पुरेल याचं गणित आणि नर्सकडून घेतलेल्या माहितीची नोंद हे रोजचंच काम आहे, त्यामुळे तयारीने जा. भारतात नर्सिंग, फिजिओथेरपी, बीएएमएस, बीएचएमएस किंवा वॉर्डातलं काम केलं असेल तर पूर्वानुभवाला मान्यता मागा, काही विषय सुटू शकतात. त्यासाठी अनुभवपत्रावर नुसतं पद असून भागत नाही, प्रत्यक्ष काय काम केलं ते लिहिलेलं असावं.

प्लेसमेंटसाठीचे कागद

नॅशनल पोलिस चेक लागतो. सोळा वर्षांनंतर तुम्ही दुसऱ्या देशाचे नागरिक किंवा कायम रहिवासी असाल, तर एज्ड केअरच्या कामासाठी स्टॅच्युटरी डिक्लरेशनही (कायदेशीर लेखी प्रतिज्ञा) मागतात. काही ठिकाणी भारतातलं पोलिस क्लिअरन्स मागितलं जातं. वर्किंग विथ चिल्ड्रन चेक बिनपगारी प्लेसमेंटसाठी व्हॉलंटिअर प्रकारचा चालतो आणि तो मोफत आहे. पगारी काम सुरू करताना मात्र एम्प्लॉयी प्रकार घ्यावा लागतो. फर्स्ट एडचा दाखला तीन वर्षांनी आणि सीपीआर दरवर्षी नवा करायचा असतो.

शारीरिक क्षमतेची तपासणीही होते, आणि ती गंभीरपणे घ्या. पेशंटला पलंगावरून स्ट्रेचरवर घेताना आधी दोन्हींची उंची जुळवायची, ब्रेक पायाने दाबून खात्री करायची, पेशंटला कुशीवर वळवून पाठीखाली स्लाइड शीट (सहज सरकवता यावं म्हणून घालायची गुळगुळीत चादर) सरकवायची, त्यांना काय होणार आहे ते सांगायचं आणि मग दोघांनी एका लयीत ओढायचं. कंबर वाकवून उचलायची सवय असेल तर ती इथेच मोडावी लागते. नाही तर आधी तुमची पाठ जाते, आणि एखाद्या दिवशी पेशंटही पडतो.

ड्रायव्हर लायसन्स

साडेचार टनांपर्यंतची गाडी साध्या कार लायसन्सवर चालवता येते, म्हणजे जड वाहनाचं लायसन्स सहसा लागत नाही. पण बऱ्याच कंपन्यांना फुल लायसन्स हवं असतं. भारतीय लायसन्स बदलून घेताना रोड नियमांची, हॅझर्ड पर्सेप्शनची (रस्त्यावरचा धोका वेळेत ओळखण्याची) आणि प्रत्यक्ष ड्रायव्हिंगची अशा तीन परीक्षा द्याव्या लागतात. भारतातला अनुभव तीन वर्षांपेक्षा कमी धरला गेला तर प्रोबेशनरी लायसन्स हाती येतं. नूतनीकरण केलेल्या कार्डावर पहिल्यांदा लायसन्स मिळाल्याची तारीख दिसत नसेल, तर तिकडच्या आरटीओकडून लायसन्सचा उतारा मागवून ठेवा.

कोर्स संपल्यावर

सगळे विषय पूर्ण झाले आणि फी चुकती असली की ३० दिवसांच्या आत सर्टिफिकेट मिळायला हवं. नोकरीच्या अर्जासोबत ते, विषयांची यादी, लसीकरणाच्या नोंदी, दोन्ही चेक आणि लायसन्स अशी एकच पीडीएफ तयार ठेवा. कामाचा हक्क कंपनी व्हेवोवर, म्हणजे व्हिसाच्या अटी दाखवणाऱ्या सरकारी ऑनलाइन सेवेवर, स्वतः तपासते. सुरुवातीला कॅज्युअल (ठरावीक तासांची हमी नसलेल्या) शिफ्ट मिळण्याची शक्यता जास्त असते आणि त्या भल्या पहाटे सुरू होतात. पुढे मीडियम गटाच्या पेशंटसोबत जायचं असेल तर डिप्लोमा ऑफ इमर्जन्सी हेल्थ केअर ही पुढची पायरी आहे. दुसऱ्या राज्यात जायचा विचार असेल तर कोर्स घेण्याआधी तिथल्या नोकरीची जाहिरात वाचा. क्वीन्सलँडसारख्या राज्यात सरकारी अँब्युलन्स सेवाच पेशंट ट्रान्सपोर्ट ऑफिसर भरते आणि त्यांच्या अटी व्हिक्टोरियातल्या खासगी कंपन्यांपेक्षा वेगळ्या असतात.