दार उघडण्याआधीच सुटलेला घोडा

शर्यत सुटायला अजून अर्धं मिनिट असतं. शेवटचे दोन घोडे गेटात, म्हणजे घोड्यांना ओळीनं उभं करायच्या कप्प्यांत, घ्यायचे राहिलेले असतात. तेवढ्यात मधल्या एका कप्प्याचं दार धाडकन उघडतं आणि एक घोडा एकटाच समोरच्या वळणाकडे उधळतो. जॉकी कधी पाठीवर असतो, कधी गवतावर. कठड्याला टेकलेल्या गर्दीतून ‘माजलंय घोडं!’ हा शेरा हमखास येतो. पुण्याच्या रेसकोर्सवर लहानपणापासून जातोय, आणि हा शेरा मला आजही लागतो. ते दार कसं बनवलेलं असतं आणि त्या घटकेला घोड्याच्या अंगात काय चाललेलं असतं, हे एकदा समजलं की त्याला माजोरडा म्हणवत नाही.

आधी दाराचं पाहू. पूर्वी घोड्यांपुढे नुसती पट्टी ताणून धरत आणि ती वर उचलली की शर्यत सुटे. अडथळ्यांच्या शर्यती अजूनही अशाच सुटतात. 1993 साली इंग्लंडच्या ग्रँड नॅशनलमध्ये ती पट्टी एका जॉकीच्या मानेभोवती अडकली. शर्यत चुकीची सुटल्याची खूण बहुतेकांपर्यंत पोचलीच नाही, 39 पैकी 30 घोडे पळत राहिले आणि शेवटी शर्यत रद्द ठरली. सपाट मैदानावरच्या शर्यतींत मात्र ही पद्धत त्याच्या कितीतरी आधीच मागे पडली होती. जॉकी आणि स्टार्टर, म्हणजे शर्यत सोडणारा, म्हणून काम केलेल्या अमेरिकेच्या क्ले प्युएट यांचं विजेवर चालणारं गेट 1939 मध्ये कॅनडातल्या व्हँकूवर परिसरात वापरात आलं. इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला कप्प्यांचं गेट आलं ते 1965 मध्ये.

या गेटाच्या पुढच्या झडपांना कडी-कोयंडा नसतो. त्या विद्युतचुंबकानं धरून ठेवलेल्या असतात आणि स्प्रिंगा त्यांना सतत बाहेर ओढत असतात. स्टार्टरनं बटण दाबलं की वीज तुटते, चुंबकाची पकड जाते आणि सगळी दारं एकदम उघडतात. चुंबकाच्या पकडीची एक खासियत आहे. लोखंड चिकटलेलं असेपर्यंत ती जबरदस्त असते, पण मध्ये थोडी फट पडली की ती झपाट्यानं ओसरते. म्हणून घोड्यानं छातीचा जोर लावला तर दार जरा हलतं आणि मग अडवतच नाही.

ही त्रुटी वाटेल, पण ते मुद्दाम तसं केलेलं असतं. हिशेब करून बघा. शर्यतीचा घोडा साधारण 450 किलोचा. त्यानं सेकंदाला 2 मीटर वेगानं दारावर धडक दिली तर त्या धडकेत 900 ज्यूल ऊर्जा असते. पक्क्या लोखंडी दारानं त्याला 10 सेंटिमीटरच्या आत थांबवलं, तर छातीवर सरासरी 9000 न्यूटनचा जोर येईल, म्हणजे त्याच्याच वजनाच्या दुप्पट. बरगड्या, खांदा, जबडा, काहीही मोडू शकतं. म्हणून घोडा मोडण्याऐवजी दार सुटावं, अशी ही योजना.

आता घोड्याकडे वळू. घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याचं संरक्षण म्हणजे पळणं, आणि त्याचं सगळं शरीर त्यासाठीच घडलेलं. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं मान न वळवता त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. फक्त कपाळासमोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा पट्टा दिसत नाही. कान स्वतंत्रपणे फिरतात आणि आपल्याला ऐकू न येणारे बारीक, उंच आवाजही टिपतात. अशा प्राण्याला आपण जेमतेम अंगाएवढ्या कप्प्यात उभं करतो आणि जिथे त्याला दिसत नाही तिथलं, मागचं दार लावतो. शेजारचा घोडा पत्र्यावर लाथ मारतो. कळपात एक जण बिथरला की बाकीच्यांनी विचार करत थांबायचं नसतं, हे लाखो वर्षांचं शिक्षण त्याच्या रक्तात आहे.

रक्ताचं तर शब्दशः खरं आहे. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा मोठा साठा असतो. एरवी त्याच्या रक्तात या पेशींचा वाटा 35 ते 40 टक्क्यांच्या आसपास असतो. ॲड्रेनलिन वाढलं की प्लीहा आक्रसते, साठा रक्तात ओतते आणि जोरात पळताना हा वाटा 60 टक्क्यांच्या वर जातो. हे सुरू व्हायला पळावं लागत नाही, नुसती उत्तेजना पुरते. मिनिटाला 30-40 ठोके देणारं हृदय उभ्या जागी शंभरी ओलांडू शकतं. म्हणजे बाहेर शर्यत सुरू व्हायची असते, पण आत ती सुरू झालेली असते. शिवाय गेट म्हणजे पळणं हे आपणच त्याला महिनोन्‌महिने शिकवलेलं. घंटेच्या आवाजानं पाव्हलोव्हच्या कुत्र्याला लाळ सुटावी, तसंच हे.

सुटलेला घोडा पकडून आणला की पशुवैद्य त्याला तपासतात. दात-हिरड्यांना मार लागलाय का, नाल निघालाय का, नाकातून रक्त येतंय का, चालताना लंगडतोय का, हे पाहून त्याला पळू द्यायचं की नाही ते ठरतं. नुसता थोडा पुढे जाऊन थांबलेला घोडा पुन्हा उभा राहू शकतो. दोन-तीन फर्लांग, म्हणजे चार-सहाशे मीटर, भरधाव गेलेल्याची गोष्ट वेगळी. पहिल्या काही सेकंदांचं इंधन मिनिटांत भरून निघतं, पण स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा खर्ची पडला की तो पूर्ववत व्हायला घोड्याला दोन-तीन दिवस लागतात. माणसापेक्षा हे काम त्याच्यात बरंच सावकाश चालतं. अशा घोड्याला मागे घेतलं की लोक कुरकुरतात, पण मला तोच निर्णय योग्य वाटतो.

मग उपाय काय? आषाढीच्या वाटेवर माउलींचा अश्व पाहा. पुण्यातून पालखी पुलगेटवरून हडपसरकडे निघते तेव्हा तो टाळ-मृदंगाच्या कल्लोळात शांत चालतो आणि पुढे रिंगणात लाखोंच्या मधून दौडतो. गजर तोच, गर्दी तीच, पण ती त्याच्या ओळखीची झालेली असते. शास्त्रात याला सवयीनं बुजणं ओसरणं म्हणतात.

गेटाचा सरावही असाच असतो. गेल्या जुलैत भुरभुर पावसात सकाळी मी एका दोन वर्षांच्या शिंगरीला गेटापाशी पाहिलं. पुढची-मागची दोन्ही दारं उघडी होती. मोतद्दारानं तिला नुसतं आरपार चालवलं, तीनदा. चौथ्यांदा मध्ये थांबवलं. तिचे कान मागे वळले, नाकपुड्या फुलल्या. त्यानं मानेवर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला. बऱ्याच वेळानं तिनं फुर्रर्र करून श्वास सोडला, मान खाली घातली, आणि तेव्हाच त्यानं तिला पुढे काढलं. त्या दिवशी तिला पळवलंच नाही. गेटाबाहेर आल्यावर ती ओलं गवत हुंगत राहिली.