मिनेसोटा : तळ्यांच्या राज्यामागचे तह

२०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने मिनेसोटा नदीकाठचे आपले एक सार्वजनिक उद्यान बंद केले आणि त्याची जमीन 'अप्पर सू कम्युनिटी' या डकोटा नावाच्या मूळनिवासी लोकांच्या समूहाच्या स्वाधीन केली. १८६२ च्या उन्हाळ्यात याच जागी सरकारी कोठारात धान्य पडून होते आणि ज्यांच्यासाठी ते आणले होते, ती डकोटा कुटुंबे बाहेर उपाशी होती. मोटारीच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असे मिरवणाऱ्या या शांत, थंड राज्याचा इतिहास कळण्यासाठी आधी तिथले पाणी आणि मग त्या पाण्याच्या काठी झालेले तह समजून घ्यावे लागतात.

नंबरप्लेटवरचा आकडा खरे तर कमीच आहे. दहा एकरांहून मोठी तळी मोजली तर ती ११,८४२ भरतात. आपल्याकडे भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव माणसांनी बांध घालून उभे केले. मिनेसोटातली तळी मात्र बर्फाने घडवली. शेवटच्या हिमयुगातील बर्फाचा थर साधारण दहा-बारा हजार वर्षांपूर्वी मागे हटला, तेव्हा मातीगोट्यांत गाडले गेलेले बर्फाचे प्रचंड तुकडे वितळून खळगे तयार झाले, आणि ईशान्येकडील कठीण खडक खरवडला गेल्याने तिथे लांबट तळ्यांची मालिका उमटली. राज्याच्या आग्नेय कोपऱ्यापर्यंत हा शेवटचा बर्फ पोहोचलाच नाही, म्हणून तिथे नैसर्गिक तळी जवळजवळ नाहीत. वायव्येकडे अगासिझ नावाचे एक अवाढव्य हिमकालीन सरोवर होते. ते ओसरल्यावर मागे राहिलेला सपाट, काळाभोर तळ म्हणजे आजचे रेड नदीचे खोरे, गहू आणि शर्कराकंदाचा प्रदेश. या राज्याचे पाणी तीन दिशांना जाते: उत्तरेला हडसन उपसागराकडे, पूर्वेला सुपीरियर सरोवरातून अटलांटिककडे आणि दक्षिणेला मिसिसिपीवाटे मेक्सिकोच्या आखाताकडे. मिसिसिपी उगम पावते ती इटास्का तळ्यात. १८३२ मध्ये या उगमाच्या 'शोधा'चे श्रेय हेन्री स्कूलक्राफ्ट यांना मिळाले; प्रत्यक्षात त्यांना तिथवर नेले ते ओजिब्वे या दुसऱ्या मूळनिवासी समाजातील ओझाविंडिब नावाच्या वाटाड्याने, ज्याच्या लोकांना ते तळे आधीपासूनच ठाऊक होते.

दक्षिणेकडची गवताळ माळराने आणि नदीकाठ हा डकोटांचा मुलूख होता. पूर्वेकडून सरकत आलेल्या ओजिब्वेंनी अठराव्या शतकात उत्तरेतील जंगलतळ्यांवर जम बसवला, आणि दोन्ही समाजांत दीर्घकाळ चकमकी होत राहिल्या. त्यामागचे एक कारण उथळ तळ्यांत आपोआप उगवणारा रानतांदूळ हे होते. त्याची कापणी आजही जवळपास जुन्याच रीतीने होते. उन्हाळा सरताना एक जण लांब काठीने होडी पुढे रेटतो. दुसरा एका दांडीने ताटे होडीवर वाकवतो आणि दुसऱ्या दांडीने हलकेच टिपरतो. पिकलेला दाणा होडीत पडतो आणि जो पाण्यात सांडतो तो पुढच्या वर्षाचे बियाणे ठरतो. मग दाणे वाळवायचे, भाजायचे आणि तुडवून त्यांचा तूस काढायचा.

फ्रेंच आणि नंतर ब्रिटिश व्यापारी या भागात आले ते बीव्हरच्या कातड्यांसाठी. त्यांना जमीन नको होती, म्हणून स्थानिकांशी त्यांचे बरे जमले. अमेरिकी सरकारने १८१९ मध्ये मिसिसिपी आणि मिनेसोटा या नद्यांच्या संगमावर किल्ल्याचे काम सुरू केले, तेव्हापासून चित्र पालटत गेले. १८३७ च्या तहाने ओजिब्वेंनी पाइन वृक्षांचे मोठे जंगल दिले, मात्र त्या मुलखात शिकार, मासेमारी आणि रानतांदूळ गोळा करण्याची मुभा स्वतःकडे राखली. १८५१ मध्ये डकोटांनी दोन तहांत सुमारे २ कोटी ४० लाख एकर जमीन सोडली. त्यांतील पहिल्या तहावर सह्या झाल्यावर प्रमुखांना एका पिंपाकडे नेण्यात आले आणि त्यावर ठेवलेल्या आणखी एका कागदावर सही घेण्यात आली. तहाचीच दुसरी प्रत, अशी अनेकांची समजूत होती. प्रत्यक्षात तो व्यापाऱ्यांची कथित येणी तहाच्या पैशांतून परस्पर वळती करण्याचा कागद होता. उरलेल्या रकमेपैकी बहुतेक सरकारने स्वतःकडे ठेवली आणि तिच्यावरील व्याज वर्षासन म्हणून द्यायचे ठरले.

११ मे १८५८ रोजी मिनेसोटा बत्तिसावे राज्य झाले आणि त्याच वर्षी मिनेसोटा नदीकाठी डकोटांसाठी उरलेल्या राखीव पट्ट्याचा उत्तरेकडचा अर्धा भागही गेला. १८६१ चे पीक बुडाले, यादवी युद्धामुळे पुढच्या वर्षीचे वर्षासन लांबले आणि व्यापाऱ्यांनी उधारी बंद केली. भूक लागली असेल तर गवत खावे, असे अँड्र्यू मायरिक या व्यापाऱ्याने सुनावल्याचे नोंदले गेले आहे. १७ ऑगस्ट १८६२ रोजी काही तरुणांनी पाच वसाहतवाल्यांना ठार केले. दुसऱ्या दिवशी प्रमुख ताओयातेदुता, म्हणजे लिटल क्रो, यांच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटले. मायरिक पहिल्याच दिवशी मारला गेला. वर्षासनाच्या सोन्याची पिंपे रिजली किल्ल्यात पोहोचली ती त्याच दिवशी. सहा आठवड्यांत शेकडो वसाहतवाले मारले गेले आणि डकोटांचा पराभव झाला. लष्करी आयोगाने ३०३ जणांना फाशी सुनावली, आणि त्यांतले काही खटले मिनिटांत उरकले होते. अध्यक्ष लिंकन यांनी कागदपत्रे तपासून बहुतेकांची फाशी रोखली. तरीही २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकाटो येथे ३८ जणांना एकाच वेळी फासावर देण्यात आले. अमेरिकेच्या इतिहासातील एका दिवसातली ही सर्वांत मोठी सामूहिक फाशी होय. बायका, मुले आणि वृद्धांना नदीसंगमावरच्या किल्ल्याखालच्या छावणीत हिवाळाभर कोंडून १८६३ मध्ये राज्याबाहेर हाकलण्यात आले आणि डकोटांशी झालेले सगळे तह रद्द झाले.

रिकाम्या केलेल्या जमिनीवर जर्मन, स्वीडिश आणि नॉर्वेजियन शेतकरी आले. त्यांचा गहू दळण्यासाठी सेंट अँथनी धबधब्याच्या बळावर मिनियापोलिसमध्ये गिरण्या उभ्या राहिल्या. १८८० ते १९३० या काळात देशात सर्वाधिक पीठ याच शहरात दळले जाई. उत्तरेतले पाइन तुटत गेले, आणि १८९० मध्ये मेसाबी टेकड्यांत लोहखनिज सापडल्यावर तिथे फिनिश व दक्षिण स्लाव्ह मजूर लोटले. लाओसमधल्या युद्धात अमेरिकेला साथ दिलेले ह्मोंग निर्वासित १९७५ नंतर आणि सोमाली १९९० च्या दशकात आले. मिनेसोटा म्हणजे केवळ गोऱ्या स्कँडिनेव्हियनांचे राज्य, ही समजूत आता जुनी झाली आहे.

ओजिब्वेंनी १८३७ मध्ये राखलेली मुभा मात्र कोणी रीतसर संपवलीच नव्हती. राज्य त्यांच्यावर मासेमारीचे आपले नियम लावत राहिले, तेव्हा १९९० मध्ये मिल लॅक्स येथील ओजिब्वे न्यायालयात गेले. तडजोडीचा मसुदा तयार झाला, पण १९९३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तो फेटाळला. अखेर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला, की ही मुभा ना अध्यक्षांच्या १८५० च्या आदेशाने संपली, ना १८५५ च्या तहाने, ना मिनेसोटा राज्य झाल्याने. तेव्हापासून मिल लॅक्स सरोवरातले किती वॉलाय मासे कोणी धरायचे, हे राज्य सरकार आणि ओजिब्वेंचे आठ समूह दरवर्षी ठरवतात. मासे घटल्यावर राज्याने आपल्या हौशी गळवाल्यांवर कडक मर्यादा घातल्या. २०१६ मध्ये तर धरलेला वॉलाय परत पाण्यात सोडणे त्यांना सक्तीचे होते. त्यावरची किनाऱ्यावरच्या रिसॉर्टवाल्यांची नाराजी अजूनही निवळलेली नाही.