डॉइच ड्राटहार

डॉइच ड्राटहार ही जर्मनीतील शिकारी कुत्र्यांची जात. ड्राटहार म्हणजे तारेसारखे केस. शेत, रान आणि पाणी या तिन्ही ठिकाणी एकाच कुत्र्याने काम करावे, हा आग्रह ‘हेगेवाल्ड’ या टोपणनावाने लिहिणारे फ्राइहेर (बॅरन) फॉन त्सेडलित्स यांचा. त्यासाठी पुडेलपॉइंटर, ग्रिफॉन, श्टिखेलहार आणि कुर्त्सहार या शिकारी कुत्र्यांच्या जातींचे रक्त एकत्र आणले गेले. १९०२ मध्ये जातीची संघटना स्थापन झाली. रूपापेक्षा कामगिरी आधी, हे तिचे धोरण आजही टिकून आहे.

नराची उंची ६१ ते ६८ सेंटिमीटर, मादीची ५७ ते ६४. रंग तपकिरी, नाहीतर तपकिरी किंवा काळ्याचे पांढऱ्याशी मिश्रण. पण जाणकार आधी केस चाचपतो. वरचे केस राठ, अंगाला चिकटून बसलेले, २ ते ४ सेंटिमीटर लांब असावेत. खाली दाट लव. काटेरी झुडपांत कातडी वाचते ती या राठ केसांमुळे, गार पाण्यात ऊब टिकते ती लवेमुळे. केस मऊ आणि लांब असले की कुसळे अडकतात, पाणी धरून राहते. फार आखूड असले की अंग ओरबाडून निघते. मेलेले केस बोटांनी उपटून काढावेत. यंत्राने कापले की राठपणा जातो.

पैदाशीची परवानगी चाचण्यांतून मिळते. जन्मानंतरच्या वसंतात पहिली चाचणी होते: सशाचा माग, नाकाची तीक्ष्णता, दबलेले पाखरू हुंगून जागच्या जागी थांबणे. बंदुकीच्या आवाजाला बुजतो का, तेही पाहतात. शरद ऋतूतील चाचणीत पाण्यातले काम येते, शिवाय मेलेले सावज जमिनीवरून ओढत नेऊन तयार केलेला माग: पाखराचा १५० मीटर, सशाचा ३०० मीटर. शेवटी सावज ठेवतात आणि कुत्र्याने ते मालकाच्या नजरेआड एकट्याने शोधून आणायचे असते. खोट नेमकी इथेच उघडी पडते. कुणी सावज फाडून खातो, कुणी पुरून मोकळा होतो, दोघेही बाद. सर्वांत कठीण चाचणीत किमान ४०० मीटरचा रक्तमाग, म्हणजे जमिनीवर टाकलेल्या रक्ताचा माग, लांब पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याने काढावा लागतो. रात्रभर मुरलेल्या मागाचे मोल ताज्यापेक्षा जास्त.

माणसांशी हा कुत्रा जवळीक ठेवतो, पण मांजरे आणि कोंबड्या त्याच्या लेखी सावजच. दिवसभर बांधून ठेवला की खोदतो, भुंकतो, कुंपण ओलांडतो. पोहून आल्यावर लोंबते कान आतून कोरडे करावेत, नाहीतर ते चिघळतात. पैदाशीआधी खुब्याच्या सांध्याचा एक्स-रे काढतात.

अमेरिकेतील ‘जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर’ याच मुळातून आलेला, पण त्याची नोंदणी निराळी आणि पैदाशीला या चाचण्यांचे बंधन नाही. पिल्लू कामासाठी हवे असेल तर आईबापांचे चाचणीगुण मागून घ्यावेत; दाढी-मिश्या दोन्ही जातींना सारख्याच असतात.