मोजक्या रेषांचा वाघ

लिनोवर, म्हणजे ठसा कोरायच्या मऊ लिनोलियमच्या तुकड्यावर, बिबट्या कोरायला घेतला की तासाभरात दोन गोष्टी कळतात: ठिपके फार आहेत आणि मनगट दुखतं. लिनोत जे कोरून काढाल ते कागदावर पांढरं उमटतं, जे ठेवाल ते काळं. मग ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या बिबट्याचा पाठीचा बाक, झुकलेली मान आणि शेपटीचं वळलेलं टोक एवढ्यावर भागतंय का, हे बघावंसं वाटू लागतं. हल्लीच्या मुद्राचित्रांतल्या, म्हणजे ठशावरून छापलेल्या चित्रांतल्या, मोजक्या रेषांच्या प्राण्यांना 'मिनिमल' म्हणून मोकळं होता येतं, पण ही काटकसर जुनी आहे.

उलटं टोक आधी बघू. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला गेंडा जानेवारी 1515 मध्ये गोव्याहून निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने तो पाहिलाच नाही. ऐकीव वर्णन आणि कुणाचं तरी रेखाटन यांवरून त्याने लाकडी ठशासाठी चित्र काढलं. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, आणि वर खांद्यापाशी एक जादा शिंग! जनावर बघितलेलं नसलं की माणूस तपशील चढवत सुटतो. युरोपात पुढे कित्येक पिढ्या हाच गेंडा खरा मानला गेला.

पिकासोने 1945 च्या डिसेंबरात पॅरिसच्या एका शिळाप्रेसमध्ये (दगडावरून चित्रं छापायच्या छापखान्यात) बैल काढायला घेतला. दगडावरचं चित्र खरवडून पुन्हा काढता येतं आणि दर टप्प्याला प्रतही घेता येते. असे 11 टप्पे झाले. भरदार बैल आधी आणखी जाडजूड झाला, मग झडत गेला. शेवटी उरल्या थोड्या रेषा आणि चिमूटभर डोकं. बैल मात्र पक्का बैल.

आपल्याकडे खरवडायची वेळच आली नाही. वारली पाड्यांवर गेरूने सारवलेला कूड, तांदळाचं पीठ आणि टोक चावून केलेली बांबूची काडी; एवढ्या सामानात जनावर बसवायचं. वाघ तर वाघोबा, देवच. रोजच्या शेजाऱ्याच्या मिशा कोण मोजतो? जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रं कागदावर आणली. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांचं डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं. पालघर वेगळा झाला 2014 मध्ये.

वारली चित्रं म्हणजे मुद्राचित्रं नव्हेत, कबूल. पण भिंत आणि ठसा यांचं नातं आहे. बडोद्याचे मुद्राचित्रकार ज्योती भट्ट यांनी गावोगावच्या भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं वर्षानुवर्षं कॅमेऱ्यात टिपली, आणि त्यांच्या छापांतही लोककलेतले मोर-पोपट आले.

आता पाळी फ्लेमिंगोची. ठाणे खाडीला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, आणि नवी मुंबईच्या भिंतींवर गुलाबी पक्षी आले. त्यातले काही सरळ चोचीचे आहेत. म्हणजे बगळेच, फक्त रंग गुलाबी. ठशात रंग नसला तरी चालतो, पाय दोन रेघांत उरकतात. चोचीचा मधला खालचा बाक मात्र जपून कोरावा लागतो. छिन्नी तिथे सटकली की तुकडा बाद.