रक्त घट्ट करणारं गाव

गोव्याच्या दक्षिण टोकाचं काणकोण विषुववृत्तापासून साधारण 15 अंश उत्तरेला आहे. विषुववृत्ताच्या पलीकडे, जवळपास तेवढ्याच अंतरावर, म्हणजे 14.6 अंश दक्षिणेला, पेरू देशात ला रिंकोनाडा नावाची वस्ती आहे. आपल्याकडे येतो तसा शून्य सावलीचा दिवस तिथेही वर्षातून दोनदा येतो. नुसते अक्षांश सांगितले तर कुणीही म्हणेल की हा नारळी-पोफळीचा मुलूख असणार. प्रत्यक्षात तिथे झाड औषधालाही सापडत नाही. वर्षाचं सरासरी तापमान एक-दीड अंश सेल्सिअस असतं आणि पहाटे पाण्याच्या पिंपावर बर्फाचा थर धरतो. या सगळ्याचं कारण उंची. ही वस्ती समुद्रसपाटीपासून सुमारे 5,100 मीटरवर आहे.

एव्हरेस्टचा नेपाळच्या बाजूचा बेस कॅम्प 5,364 मीटरवर आहे. तिथे गिर्यारोहक महिना-दोन महिने काढतात आणि मोहीम संपली की खाली उतरतात. ला रिंकोनाडात त्याहून जेमतेम अडीचशे मीटर खाली पत्र्याच्या घरांतून लोक बारा महिने राहतात. शाळा आहे, बाजार आहे, दारूचे गुत्ते तर भरपूर. लोकसंख्येचे अंदाज 30 हजारांपासून 50 हजारांपर्यंत जातात, कारण सोन्याचा भाव हलला की वस्तीही हलते. माणसाच्या कायमच्या वस्त्यांमध्ये जगात सर्वांत उंच म्हणून हिचंच नाव घेतलं जातं.

इतक्या उंचीवर कायमचं राहणं शक्य कसं होतं? ‘सवय होते’ हे उत्तर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं उत्तर त्या 14.6 अंशांत आहे.

एखाद्या ठिकाणचा हवेचा दाब म्हणजे त्या ठिकाणाच्या डोक्यावर असलेल्या हवेचं वजन. उष्ण कटिबंधात खालची हवा तापलेली, त्यामुळे फुगलेली असते. जमिनीलगतचा दाब सगळीकडे साधारण सारखाच, पण इथे हवेचा स्तंभ वरच्या दिशेने ताणलेला असल्यामुळे 5,100 मीटरच्या वर उरणारी हवा थंड प्रदेशातल्यापेक्षा जास्त भरते. विमानं ज्या सरासरी वातावरणाच्या कोष्टकावर चालतात, त्यानुसार या उंचीवर दाब 400 मिलिमीटर पारा असायला हवा. विषुववृत्ताच्या आसपास तो 415 च्या घरात असतो. पंधरा मिलिमीटर म्हणजे काही फार नव्हे असं वाटेल, पण उंचीच्या हिशेबात ती अडीचशे मीटरची सवलत आहे. ला रिंकोनाडाच्या माणसाचं शरीर भूगोलाच्या दृष्टीने 5,100 मीटरवर असतं आणि श्वासाच्या दृष्टीने 4,850 च्या आसपास. हीच वस्ती अलास्कात असती तर ती टिकली असती का, याची मला दाट शंका आहे.

या सवलतीचा सर्वांत गाजलेला पुरावा एव्हरेस्टवरचा. 1978 मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर कृत्रिम ऑक्सिजनशिवाय शिखरावर जाऊन आले. कोष्टकाप्रमाणे शिखरावर दाब 236 मिलिमीटर यायचा, आणि तेवढ्या दाबात माणूस जेमतेम शुद्धीवर राहील, चढणं दूरच. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन वेस्ट यांच्या नेतृत्वाखाली 1981 मध्ये वैद्यकीय संशोधनाची एक मोहीम गेली. तिच्यातल्या डॉ. ख्रिस पिझो यांनी शिखरावर दाब मोजला, तो निघाला 253. एव्हरेस्ट तर 28 अंशांवर, उष्ण कटिबंधाच्या जरा बाहेर आहे. तरी एवढा फरक.

अर्थात सवलत मिळाली तरी भार उरतोच. फुप्फुसात शिरणारी हवा वाफेने ओली होते आणि ती वाफ, तुम्ही कोकणात असा नाहीतर अँडीजमध्ये, 47 मिलिमीटरची जागा अडवतेच. ती वजा केली की ला रिंकोनाडात फुप्फुसाला मिळणारा ऑक्सिजनचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याहून किंचित जास्त उरतो. दर श्वासाला, झोपेतसुद्धा.

बेस कॅम्पला गेलेल्यांना थंडी ऋतूची असते हे माहीत असतं. इथे ती रात्रीची असते. वर्षातल्या सर्वांत गार आणि सर्वांत उबदार महिन्यांच्या सरासरीत थोड्याच अंशांचा फरक पडतो, पण दुपार आणि पहाट यांच्यात त्याहून कितीतरी मोठा. पूर्व आफ्रिकेतल्या उंच डोंगरांवरच्या वनस्पतींचा अभ्यास करणारे स्वीडिश शास्त्रज्ञ ओलोव हेडबर्ग यांनी अशा हवामानाचं वर्णन ‘रोज दिवसा उन्हाळा, रोज रात्री हिवाळा’ असं केलं होतं. ऋतू इथे ओळखायचे ते पावसावरून. नोव्हेंबर ते मार्च हिमवर्षाव आणि चिखल, मे ते ऑगस्ट कोरडं, निरभ्र आणि म्हणून रात्री अधिकच बोचरं.

या रोजच्या गोठण्या-वितळण्याचा अँडीजच्या लोकांनी जो उपयोग करून घेतला, त्याला तोड नाही. ला रिंकोनाडाच्या उंचीवर काही पिकत नाही, पण हजारेक मीटर खालच्या पठारावर बटाटा होतो. कोरड्या महिन्यांत तो उघड्यावर पसरतात. रात्री गोठतो, दिवसा वितळतो. काही दिवसांनी बायका-पुरुष तो पायांनी तुडवून पाणी आणि साल काढतात आणि उन्हात वाळवतात. तयार होतो तो ‘चुन्यो’ : हलका, खडखडीत, वर्षानुवर्षं टिकणारा. कडू जातींच्या बटाट्यातली विषारी द्रव्यंही या खटाटोपात बरीचशी कमी होतात. आज फ्रीझ-ड्राइंग म्हणून कारखान्यात जे महागडं यंत्र चालतं, त्यातलं निम्मं काम इथे हवा फुकट करते. मात्र वर ला रिंकोनाडात तो शिजवायला वेळ लागतो. पाणी 83 अंशांच्या आसपासच उकळायला लागतं, मग आच कितीही वाढवा.

ऊन हे दुसरं प्रकरण. उष्ण कटिबंधावर ओझोनचा थर मुळात पातळ, सूर्य जवळजवळ डोक्यावर, आणि अतिनील किरणं गाळायला हवा अर्धीच. अतिनील निर्देशांक 11 च्या पुढे गेला की तो ‘अतितीव्र’ गणला जातो. याच पर्वतरांगेत बोलिव्हियाच्या लिकांकाबूर ज्वालामुखीवर डिसेंबर 2003 मध्ये 43 ची नोंद झाली होती. ती असाधारण होती हे खरं, पण ला रिंकोनाडाच्या लोकांचे काळपट-लाल, भेगाळलेले गाल नुसत्या थंडीचे नव्हेत.

इतकं सगळं सोसून माणसं वर का राहतात? सोन्यासाठी. 2001 च्या सुमारास औंसाला 300 डॉलरच्या खाली असलेलं सोनं 2011 मध्ये 1,800 च्या वर गेलं आणि खाणकामगारांची एक छोटी छावणी शहराएवढी फुगली. पाण्याचे नळ, गटारं, कचऱ्याची व्यवस्था यांना त्या वेगाने फुगता आलं नाही. आजही त्या आघाडीवर फारसं सांगण्यासारखं नाही.

खाणीतल्या रोजगाराची रीत ‘काचोरेओ’ नावाने ओळखली जाते. कामगार महिनाभर ठेकेदारासाठी बिनपगारी राबतो आणि शेवटी त्याला एखादा दिवस मिळतो. त्या दिवशी तो स्वतःला उचलेल तेवढा खडक खाणीतून नेऊ शकतो. त्यात सोनं निघालं तर निघालं. बायकांनी बोगद्यात शिरणं अपशकुनी मानतात, म्हणून त्या बाहेर टाकलेल्या दगडांच्या ढिगाऱ्यात हातोडीने चमक शोधत बसतात. त्यांना ‘पायाकेरा’ म्हणतात. गालात कोकाची पानं असतात, सोबत राखेची चिमूट, कारण अल्कलीमुळे पानातलं द्रव्य मोकळं होतं. तंबाखूत चुना मळणाऱ्याला हे रसायन समजावून सांगायला नको. भूक आणि थकवा त्याने दबतो, पण ऑक्सिजन काही वाढत नाही.

खडक दळताना त्यात पारा घालतात. सोन्याचे बारीक कण पाऱ्यात मिसळून गोळा होतो, गोळ्यावर बर्नरची ज्योत सोडली की 357 अंशांना पारा उकळून उडतो आणि सोनं उरतं. उडालेला पारा फार लांब जात नाही. बाहेरच्या गार हवेत तो पुन्हा द्रवरूप होतो आणि पत्र्यांवर, बर्फावर, रस्त्यावर बसतो. तोच बर्फ वितळवून लोक पितात. उरलेलं ओढ्यांतून वाहत रामिस नदीच्या खोऱ्यात जातं आणि ती नदी टिटिकाका सरोवराला मिळते. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीचा मिनामाता करार पेरूने मान्य केलेला आहे. हिशेब मात्र इथे रोख असतो आणि पारा स्वस्त पडतो.

आता रक्ताकडे. 1890 मध्ये फ्रेंच डॉक्टर फ्रान्स्वा व्हियो पेरूमधल्या मोरोकोचा या उंचावरच्या खाणवस्तीत गेले आणि काही आठवड्यांत स्वतःच्या रक्तातल्या तांबड्या पेशींची संख्या बरीच वाढलेली त्यांना दिसली. यंत्रणा उलगडायला पुढे शतक लागलं. ऑक्सिजन कमी पडला की पेशींमधलं एक प्रथिन, ज्याला एचआयएफ म्हणतात, नष्ट व्हायचं थांबतं. त्याच्या इशाऱ्यावर मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतात आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवण्याचा वेग वाढवते. या शोधासाठी ग्रेग सेमेंझा, पीटर रॅटक्लिफ आणि विल्यम केलिन यांना 2019 चं नोबेल मिळालं.

लेहला जाऊन दोन दिवस डोकं धरून बसलेल्याला ही वाढ वरदान वाटेल. पण ती थांबली नाही तर काय होतं, हे पेरूचेच डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी 1925 मध्ये मांडलं. आयुष्यभर उंचावर राहिलेला, तिथे रुळलेला माणूस हळूहळू आजारी पडतो. ओठ आणि बोटं जांभळी, डोळे लाल, कानात गुणगुण, डोकेदुखी, धाप, झोप नाही. तपासलं तर रक्त घट्ट झालेलं. समुद्रकाठच्या निरोगी पुरुषाच्या रक्तात पेशींचा वाटा साधारण 45 टक्के असतो. ला रिंकोनाडात तो 70 टक्क्यांच्या पुढे गेलेले लोक सापडले आहेत. हिमोग्लोबिन पुरुषांत 21 आणि स्त्रियांत 19 ग्रॅमच्या पलीकडे गेलं की डॉक्टर धोक्याची पातळी मानतात. आपल्याकडे बाराचे तेरा व्हावेत म्हणून गोळ्या घेणाऱ्यांना हा आकडा खोटा वाटेल! पण इतकं दाट रक्त केशवाहिन्यांतून ढकलताना हृदय थकतं, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब चढतो आणि हृदयाची उजवी बाजू हळूहळू हरते.

2019 पासून फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे शास्त्रज्ञ सॅम्युएल व्हेर्जेस आणि त्यांचे सहकारी ‘एक्स्पेडिशन 5300’ या प्रकल्पात इथल्या लोकांची तपासणी करत आहेत. दर चौघांत एकाला हा आजार असावा असा त्यांचा सुरुवातीचा अंदाज होता. खरं कोडं उरलेल्या तिघांचं आहे. त्यांच्यातल्या काहींचं रक्तही तितकंच दाट असतं, पण तक्रार काही नसते.

तिबेटी लोकांनी वेगळाच मार्ग धरला. ईपीएएस1 नावाच्या जनुकाच्या एका रूपामुळे त्यांच्यात पेशी वाढवण्याचा हा इशाराच दबून येतो, त्यामुळे 4,000 मीटरवरही त्यांचं हिमोग्लोबिन जवळजवळ खालच्या माणसाएवढं राहतं. जनुकाचं हे रूप डेनिसोव्हन या लुप्त मानवगटाकडून आलं, हे 2014 मध्ये दाखवून देण्यात आलं. अँडीजमध्येही माणूस काही काल गेलेला नाही. पेरूच्या कुन्काइचा गुहेत, 4,480 मीटरवर, सुमारे 12 हजार वर्षांपूर्वीच्या वावराच्या खुणा आहेत. तरीही तिथल्या शरीरांनी प्रामुख्याने रक्त वाढवण्याचाच मार्ग घेतला.

आणखी वर राहता येईल का, याची परीक्षाही झालेली आहे. चिलीच्या आउकांकिल्चा पर्वतावर गंधकाची खाण 5,800 मीटरच्या आसपास होती. 1935 मध्ये तिथे गेलेल्या शास्त्रज्ञांना आढळलं की कामगार सुमारे 5,300 मीटरवर राहतात आणि रोज खाणीपर्यंत चढून जातात. चढण वाचावी म्हणून त्यांच्यासाठी जरा वर वस्ती बांधून पाहिली होती, पण तिथे भूक जाते, वजन घटतं, झोप लागत नाही, असं सांगून ते खाली परतले होते. कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा ही साक्ष मला जास्त विश्वासाची वाटते.

आजारावर उपाय आहेत. शिरेतून रक्त काढतात, तात्पुरता आराम पडतो, मग मज्जा ते पुन्हा भरून काढते. लेहला जाणारे मराठी पर्यटक खिशात ठेवतात ती डायमॉक्स, म्हणजे ॲसिटाझोलामाइड, पेरूच्या 4,300 मीटरवरच्या सेरो दे पास्को शहरातल्या रुग्णांना देऊन पाहिली गेली आणि रक्ताची घट्टी कमी झाली. ती घेतल्याने रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि झोपेत श्वास वाढतो. पण खात्रीचा उपाय मोंगे यांच्या काळापासून एकच आहे, तो म्हणजे खाली उतरणं. ज्यांना जमतं ते उतरतात, बहुतेक वेळा हुलियाका या जवळच्या मोठ्या शहरापर्यंत. हुलियाका 3,800 मीटरवर आहे, लेहपेक्षा सुमारे 300 मीटर वर. समुद्रकाठचं लिमा तिथून दूर, आणि तिथे सोनं नाही.