ओळखपत्रावरचा एक रकाना

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत मे महिन्यात मुलांचे क्रिकेटचे सामने होतात. यंदा संघ पाडायला स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढल्या, निळ्या आणि पिवळ्या. सकाळी एकाच सायकलवरून डबलसीट आलेली दोन पोरं संध्याकाळी वडापाव खायला वेगवेगळ्या कठड्यांवर बसली. त्यातला एक मला ठासून म्हणाला, "काका, पिवळे चीटिंगच करतात." चिठ्ठ्या निघून जेमतेम 8 तास झाले होते.

हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने 1970च्या सुमारास ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांवर हेच करून पाहिलं. क्ले या चित्रकाराची चित्रं आवडणारे एका गटात, कँडिन्स्की या चित्रकाराची आवडणारे दुसऱ्या, असं मुलांना सांगितलं. खरं तर वाटणी वाटेल तशीच केली होती. मग प्रत्येकाला दोन्ही गटांतल्या मुलांमध्ये पैसे वाटायला लावले; कुणाला देतोय त्याचं नावही कळत नव्हतं. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, यात नवल नाही. मला बोचतं ते पुढचं. आपल्या गटाच्या पदरात थोडं कमी पडलं तरी चालेल, पण समोरच्यांपेक्षा जास्त पडलं पाहिजे, असा त्यांचा कल दिसला. ताजफेल पोलंडचा ज्यू. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होता, जर्मनांच्या कैदेत राहिला, आणि सुटून आला तेव्हा त्याच्या घरचं जवळजवळ कुणीच उरलं नव्हतं.

पण चिठ्ठीने रुसवेफुगवे होतात, कत्तल होत नाही. त्याला आणखी बरंच लागतं. आफ्रिकेतल्या रुवांडा देशात हुतू आणि तुत्सी या दोन जमाती एकच भाषा बोलत, एकाच टेकडीवर शेजारी राहत, आपसांत लग्नंही करत. 1930च्या दशकात बेल्जियमच्या राजवटीने ओळखपत्रं वाटली आणि त्यांवर जमातीचा रकाना ठेवला. बापाची नोंद तीच मुलाची. पूर्वी थोडीफार सैल असलेली ओळख कागदावर पक्की झाली. पुढे कॉफीचे भाव कोसळले, शेतकरी नागवला गेला. 1990मध्ये तुत्सींच्या बंडखोर सैन्याशी युद्ध पेटलं. 1993पासून एक रेडिओ केंद्र तुत्सींना 'झुरळं' म्हणू लागलं. 6 एप्रिल 1994 रोजी हुतू राष्ट्राध्यक्षांचं विमान पाडलं गेलं आणि जागोजागी नाके उभे राहिले. नाक्यावर आधी कार्ड मागायचे. सुमारे 100 दिवसांत 5 ते 8 लाख माणसं, बहुतेक तुत्सी, मारली गेली, बरीचशी ओळखीच्यांच्या हातून. या मारण्याला 'काम' म्हणत. कामाला न जुमानणारे हुतूही मेले.

म्हणून 'त्यांचं वैर पिढीजातच होतं' असं कुणी म्हणालं की मला राग येतो. वैर रक्तातच असतं, तर कार्डं तपासायला नाके कशाला लागले असते? रेडिओने रोज चिथवायची गरज का पडली असती?

हत्याकांडानंतर आलेल्या सरकारने ओळखपत्रावरून तो रकाना काढून टाकला.