साबणावर तारीख कधी आली?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांच्या वर गेले. शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नरचा परिसर पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर नात्यातल्या एका किराणा दुकानाची साफसफाई करायला आम्ही चार-पाच जण गेलो होतो. पीठ, साखर, डाळी यांचा प्रश्नच नव्हता, त्या पोत्यांसकट कचऱ्याच्या ट्रॉलीत गेल्या. वाद झाला तो साबणावरून. कपड्यांच्या वड्यांची आणि अंगाच्या साबणांची खोकी भिजून एकमेकांना चिकटली होती. दुकानदार काका म्हणाले, "साबणाला काय हुतंय? वाळीवला की झालं." त्यांचा मुलगा म्हणाला, "पप्पा, तारीख तर बघा. ह्यातला निम्मा माल डिसेंबरात संपतोय."

काका ज्या साबणाबद्दल बोलत होते त्यावर त्यांच्या लहानपणी तारीखच नसायची. मुलाने बिनतारखेचा साबण कधी हातात घेतलेला नव्हता. या दोघांच्या मधल्या काळात काय झाले, हे सांगण्यासाठी ही टिपणी.

साबण घरात यायच्या आधी भांड्यांना राख होती, केसांना शिकेकाई, अंगाला डाळीचे पीठ नाहीतर उटणे, रेशमी आणि लोकरी कपड्यांना रिठा. परीट लोक कपडे खारात घालून उकळायचे. यातले काही 'संपते' अशी कल्पना नव्हती. रिठे कोरडे ठेवले तर वर्षानुवर्षे टिकतात, भिजवून काढलेले त्यांचे पाणी मात्र दोन-तीन दिवसांत आंबते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे बाटलीतल्या साबणाच्या बाबतीत हीच पुन्हा येणार आहे. कोरडे ते टिकते, पाण्यात गेले की मुदत सुरू होते.

साबण हा शब्द अरबीतल्या 'साबून'शी नाते सांगतो आणि साबण टिकवण्याची एक जुनी रीतही त्याच मुलखातली आहे. सीरियातल्या अलेप्पो शहरात ऑलिव्हचे आणि लॉरेलचे तेल खारासोबत शिजवून साबण करतात. हे काम हिवाळ्यात चालते. नंतर वड्या कापून, मधून वारा खेळेल अशा उतरंडी रचून त्या सहा ते नऊ महिने वाळवतात. हिरवी वडी बाहेरून पिवळसर होते, कापली तर आत हिरवी निघते. तिथे साबणाचे वय हा त्याचा गुण समजतात. २०२४ च्या डिसेंबरमध्ये युनेस्कोने या कारागिरीची नोंद आपल्या वारशाच्या यादीत केली. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईच्या काळात, १६८८ साली, मार्सेय शहराच्या साबणासाठी एक फर्मान निघाले: तेल फक्त ऑलिव्हचे वापरायचे आणि जून ते ऑगस्ट या उन्हाळ्यात साबण करायचाच नाही, कारण उष्म्याने माल बिघडतो. साबण कधी वापरून संपवावा याचा कायदा नव्हता, तो कधी करू नये याचा होता. मला ही दृष्टी फार मोलाची वाटते. साबणाचे आयुष्य कढईतच ठरते, हे त्या लोकांना पक्के ठाऊक होते.

त्यामागचे शास्त्र असे. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन तयार होते. पुरता तयार झालेला साबण अल्कधर्मी असतो आणि त्यात जंतूंना वाढायला पुरेसे मोकळे पाणी नसते. म्हणून कोरड्या वडीला भाकरीसारखी बुरशी धरत नाही, ती दुधासारखी नासत नाही. तिच्यात दोन बदल मात्र होत राहतात. एक, पाणी उडते. दुसरा, तेलाचा जो अंश साबण न होता उरलेला असतो, किंवा जी तेले मुळात नाजूक असतात, ती हवेतल्या ऑक्सिजनने खवट होतात. करडईचे तेल खोबरेलापेक्षा लवकर खवट होते हे आपल्याकडच्या घरांत सांगावे लागत नाही. साबणातही तोच नियम आहे. खोबरेलाचा साबण चिवट, सूर्यफूल-करडईचा कच्चा. लोखंड किंवा तांब्याचा अंश मिसळला तर खवटपणा आणखी वेगाने येतो आणि वडीवर नारिंगी ठिपके दिसू लागतात. म्हणून कारखानदार साबणात धातू बांधून ठेवणारी द्रव्ये घालतात. वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत 'ईडीटीए' किंवा 'एटिड्रोनिक ॲसिड' दिसते, ते याच कामाचे.

हिंदुस्थानात कारखान्यातला साबण आला तो बोटीने. १८८८ मध्ये कोलकात्याच्या बंदरात सनलाइट साबणाची खोकी उतरली, त्यांवर 'मेड इन इंग्लंड बाय लिव्हर ब्रदर्स' असे छापलेले होते. त्याआधी विलायतेतही वाणी लांब लादीतून साबण कापून वजनावर विकायचा. लिव्हरने ठरलेल्या मापाची, कागदात गुंडाळलेली, नाव छापलेली वडी बाजारात आणली. साबणाला वेष्टन मिळाले, पण त्यावर तारीख नव्हती. वेष्टन होते ते ओळखीसाठी. १८९७ मध्ये मेरठला नॉर्थ वेस्ट सोप कंपनीचा कारखाना निघाला. पहिल्या महायुद्धात म्हैसूर संस्थानातल्या चंदनाची युरोपची वाट अडली, तेव्हा संस्थानाने १९१६ मध्ये स्वतःच चंदनतेल काढायला घेतले आणि त्यातून म्हैसूर चंदन साबण जन्माला आला. १९१८ मध्ये गोदरेजांनी वनस्पती तेलांपासून साबण केला आणि त्याचे नाव ठेवले 'चावी'. गोदरेज कुलुपांचे कारखानदार, म्हणून चावी. कोल्हापुरात मात्र चावी म्हणजे पाण्याचा नळ. रंकाळ्याकाठी 'धुण्याची चावी' नावाचा भागच आहे. त्या साबणाला याहून शोभणारा बाजार महाराष्ट्रात दुसरा मिळाला नसता.

त्या काळात चरबीचा साबण की तेलाचा, हा प्रश्न अनेक घरांत सोवळ्याओवळ्याचा होता आणि स्वदेशीच्या चळवळीने त्यात देशाभिमानाची भर घातली. लोक साबण निवडताना या गोष्टी बघत. तो किती जुना आहे हे कोणी विचारत नसे. उलट जुना असला तर बरेच, असे बायकांचे मत. शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी कपड्यांच्या साबणाची लांब लादी यायची. आजी ती दोऱ्याने कापायची, पितळी परातीत वड्या मांडायची आणि पंधरा दिवस माडीवर ठेवायची. ओला साबण धुण्याच्या दगडावर भसाभस झिजतो, सुकलेला पुरवठ्याला येतो, हा तिचा हिशोब. तो अगदी बरोबर होता. कपड्यांच्या साबणात पाण्याचा अंश बराच असतो, तो उडाला की वडी घट्ट होते आणि पाण्यात सावकाश विरघळते. वडीवर पांढरी भुकटी धरायची, तिला घरात कोणी खराबी समजत नसे. ती बहुधा सोड्याची असते: उरलेल्या खाराचा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तयार झालेली. अंगाचा वासाचा साबण मात्र ट्रंकेत, लुगड्यांच्या घड्यांत जायचा. लुगड्यांना वास लागायचा आणि साबण सुकायचा. दोन्ही कामे एका वडीत.

वजन घटण्याची ही गोष्ट पुढे कायद्यातही आली. साबणाच्या वेष्टनावर निव्वळ वजनापुढे 'पॅक करतेवेळी' असे लिहिलेले असते. साबण दुकानात बसून हलका होतो हे सरकारने मान्य केलेले आहे. शंभर ग्रॅमची वडी घरी मोजल्यावर काही ग्रॅम कमी भरली तर दुकानदाराशी भांडू नये, ते पाणी हवेत गेलेले असते.

तारीख मात्र दोन वाटांनी आली. पहिली वाट वजनमापांची. १९७७ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी पाकिटावर उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना आणि वर्ष छापणे सक्तीचे केले. आता त्या जागी २०११ चे नियम आहेत. दुसरी वाट औषधांच्या कायद्याची आणि ती जास्त वळणाची. १९४० चा औषधांचा कायदा १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधनांपर्यंत वाढला. त्या वेळच्या व्याख्येत प्रसाधन म्हणजे काय हे सांगून झाल्यावर शेवटी एक शेपूट होते: 'यात साबणाचा समावेश नाही'. पावडर, स्नो, लिपस्टिक ही प्रसाधने आणि साबण त्यांच्याबाहेर. १९८२ च्या दुरुस्तीने हे शब्द काढून टाकले, दुरुस्ती १९८३ मध्ये अमलात आली आणि अंगाचा साबण कायद्याच्या नजरेत प्रसाधन झाला. आज २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे प्रसाधनावर 'या तारखेपूर्वी वापरा' असा महिना आणि वर्ष द्यावे लागते. अंगाच्या साबणावर ती तारीख दिसते ती त्यामुळे. कपड्यांची वडी प्रसाधनात मोडत नाही. तिच्यावर उत्पादनाचा महिना सापडेल, शेवटची तारीख असेलच असे नाही. एकाच दुकानात शेजारी ठेवलेल्या दोन साबणांपैकी एकाला मुदत आणि दुसऱ्याला नाही, याचे कारण रसायनशास्त्रात शोधू नये. ते या दोन कायद्यांत आहे.

मग अंगाच्या साबणावरची दोन-तीन वर्षांची मुदत खोटी का? मुळीच नाही. फक्त ती कशाची आहे हे समजून घ्यायला हवे. वास, रंग, मऊपणा आणि फेस हे सगळे कंपनीने ठरवल्याप्रमाणे राहील, याची ती हमी असते. आधी वास जातो. लिंबाचा वास सर्वांत चंचल, कारण त्याचे घटक हलके असतात आणि हवेत उडतात. चंदनाचा जड, तो रेंगाळतो. पूर्वी मेणकागद होता, आता प्लॅस्टिकचा थर दिलेले वेष्टन आहे, ते मुख्यतः हा वास कोंडून ठेवण्यासाठी. तारीख उलटलेली वडी कोरडी असेल, खवट वास येत नसेल, ठिपके नसतील, तर ती हात धुवायला चालते. घरात सापडलेले असे साबण लोक सरळ कचऱ्यात टाकतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. पण औषधी साबणाची गोष्ट वेगळी. त्यात जे औषध घातले आहे त्याची ताकद घटते, म्हणून त्याची तारीख काटेकोर पाळावी.

घरगुती साबणाला तर तारीख जास्तच पाळावी लागते. अलीकडे बचत गटांच्या प्रदर्शनांत हळदीचे, कडुलिंबाचे, शेळीच्या दुधाचे साबण दिसतात. हे साबण न तापवता करतात, चार ते सहा आठवडे मुरवतात आणि त्वचेला बरे म्हणून थोडे तेल मुद्दाम राखतात. हेच राखलेले तेल आधी खवट होते, शिवाय धातू बांधणारी द्रव्ये त्यात सहसा नसतात. त्यामुळे हा साबण वर्षाच्या आत वापरलेला बरा. करणाऱ्या ताईंनी खोबरेलाचे प्रमाण वाढवले आणि केल्याची तारीख कागदावर लिहिली तर गिऱ्हाईक पुन्हा येईल.

पावडरीचा मार्ग वेगळाच. १९५९ मध्ये सर्फ आले, १९६९ मध्ये अहमदाबादेत निर्मा. यांच्यात तेलाचा साबण नाही, कृत्रिम धुलाईद्रव्ये आहेत, म्हणून खवट होण्याचा प्रश्नच मिटला. त्यांचा शत्रू ओलावा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघडे पाकीट मोरीजवळ ठेवले तर पावडरीचा दगड होतो. तो फोडून धुणे निघते, पण ज्या पावडरींत डाग खाणारी एन्झाइम्स किंवा ब्लीच असते त्यांची ती ताकद ओलाव्याने मरते. ग्लिसरीनच्या पारदर्शक साबणाला याच दिवसांत घाम सुटतो, कारण ग्लिसरीन हवेतले पाणी ओढून घेते. तो साबण बिघडलेला नसतो. पुसून कोरड्या जागी ठेवला की झाले.

खरी काळजी आहे ती बाटलीतल्या साबणाची. हँडवॉशमध्ये बहुतांश पाणी असते, रिठ्याच्या पाण्यासारखेच. ते आंबू नये म्हणून त्यात जंतुरोधक घातलेले असते आणि बाटलीवरची मुदत त्याच्या भरवशावर असते. आपल्या घरांत बाटली तळाला आली की नळाखाली धरून अर्धी भरायची सवय आहे. मीही वर्षानुवर्षे तेच केले. पाणी घातले की जंतुरोधक पातळ होते आणि ओल्या जागी वाढणारे जंतू त्या बाटलीत आरामात वस्ती करतात. बाहेरची तारीख पुढच्या वर्षाची असते आणि आतला माल आठवड्यात गेलेला असू शकतो. पाणी घालायचेच असेल तर त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी संपेल एवढ्यातच घालावे. रिकाम्या बाटलीत नवे भरण्याआधी ती धुऊन पूर्ण वाळवावी.

शाहूपुरीतल्या त्या दुकानात शेवटी असे ठरले. अंगाचे साबण ट्रॉलीत गेले, कारण ते पाणी गटारांतून फिरून आलेले होते आणि कोणाच्या अंगाला ते लावायला द्यायचे नव्हते. बाटल्यांमध्ये ज्यांची टोपणे सैल होती त्याही गेल्या. कपड्यांच्या वड्यांचा वरचा मऊ थर काकांनी विळीने तासला आणि गच्चीवर पोत्यांवर त्या मांडल्या. पावसाची उघडीप धरून, आत-बाहेर करत, तीन आठवडे. मुलगा संध्याकाळी त्या आत घ्यायला मदत करायचा. वड्यांवर पांढरी भुकटी धरली, कडा तडकल्या, वास पार गेला. एकही वडी विकली नाही. दिवाळीपर्यंत दुकानाची फरशी, शटर, रॅका आणि शेजारच्या दोन घरांच्या भिंती त्याच साबणाने धुतल्या.